गर्भवतीला उपदेश, बालिकेला मौन

गर्भवती स्त्रीला सल्ला देण्याच्या बाबतीत आपला समाज कमालीचा उदार आहे. काय खावे, कोणत्या कुशीवर निजावे, येथपासून तो मनात कोणते विचार आणावेत येथपर्यंत तिला मार्गदर्शन करण्यास घरातील थोरल्या जावेपासून शेजारच्या आजीपर्यंत सर्वजण सदैव सिद्ध असतात. अलीकडे या सल्ल्याला विज्ञानाची झालर लावण्यात येते. 'आईला ताण आला की तिच्या रक्तातील संप्रेरके वाढतात आणि त्यांचा बाळावर परिणाम होतो. म्हणून तू आनंदी राहा, रडू नकोस, जुने उगाळत बसू नकोस,' असे तिला शिबिरांतून, पुस्तिकांतून आणि हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून बजावले जाते.

हे विधान असत्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे सांगण्याचे टाळल्यामुळे ते क्रूर झाले आहे. उरलेले अर्धे असे, की ताणाला सामोरे जाण्याची शरीराची रीत बऱ्याच अंशी बालपणीच घडत असते, आणि ती घडविणारे हात त्या बालिकेचे नसतात. ते आपले, वडीलधाऱ्यांचे असतात. ज्या समाजाने ती सात वर्षांची असताना तिला बदडले, किंवा तिच्यावर झालेला अत्याचार घराण्याच्या अब्रूसाठी झाकून ठेवला, त्याच समाजाने ती सत्तावीस वर्षांची झाल्यावर 'बाळासाठी प्रसन्न राहा' असा तिला उपदेश करावा, याला आम्ही ढोंग म्हणतो.

आरोप गंभीर आहे. तेव्हा तो पुराव्यानिशी मांडला पाहिजे. त्यासाठी वाचकांनी थोडा वेळ शरीरशास्त्राच्या वाटेने आमच्याबरोबर यावे.

संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून सी. आर. एच. नावाचे संप्रेरक स्रवते. ते पीयूषिका ग्रंथीला जागे करते. ही ग्रंथी रक्तात दुसरा निरोप सोडते, आणि तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचला की तेथून कॉर्टिसॉल बाहेर पडते. कॉर्टिसॉल हा शत्रू नव्हे. सकाळी आपण अंथरुणातून उठतो ते त्याच्या बळावर, आणि गर्भातील बाळाची फुप्फुसे परिपक्व होतात तीही त्याच्याच साहाय्याने. संकट ओसरले की हेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असे कळविते आणि सारी यंत्रणा शांत होते. निरोगी शरीरात हा लगाम चोख काम करतो.

गर्भारपणात मात्र या व्यवस्थेत एक नवा घटक प्रवेश करतो. तो म्हणजे वार. वारसुद्धा स्वतः सी. आर. एच. तयार करते; आणि मेंदूत जे कॉर्टिसॉल लगाम घालते, तेच वारेत चाबकाचे काम करते. कॉर्टिसॉल जितके अधिक, तितके वारेतील सी. आर. एच. अधिक. निरोगी गर्भवतीच्या रक्तातही शेवटच्या तिमाहीत कॉर्टिसॉल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. बाळाचे रक्षण व्हावे म्हणून वारेत एक विकर पहारा देत असते. ते आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्प्रभ करून टाकते. निसर्गाची योजना अशी सुंदर आहे. परंतु कोणत्याही पहाऱ्याला मर्यादा असते. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले, की वारेतील सी. आर. एच. हे जणू प्रसूतीचे घड्याळ आहे. ज्या स्त्रियांत ते लवकर चढते, त्यांची प्रसूती वेळेआधी होण्याचा संभव अधिक असतो. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मणाऱ्या बालकांची संख्या जगात सर्वाधिक कोठे असेल, तर ती आपल्या भारतात आहे. २०२० या एकाच वर्षी अशी सुमारे ३० लाख बालके येथे जन्मली. अकाली प्रसूतीची कारणे अनेक आहेत. पंडुरोग, जंतुसंसर्ग, कुपोषण, अतिश्रम ही त्यांतील काही. आईचा ताण हे त्यांपैकी एक होय. म्हणून हा प्रश्न केवळ मनाच्या हळवेपणाचा राहत नाही.

आता बालपणाकडे वळू. अमेरिकेतील अटलांटा येथे ४९ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. तो गर्भवतींचा अभ्यास नव्हता. या स्त्रियांना श्रोत्यांसमोर भाषण करावयास आणि तोंडी गणिते सोडवावयास सांगण्यात आले. म्हणजे कोणालाही किंचित घाम फुटावा एवढाच प्रसंग. ज्यांच्यावर बालपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला होता आणि ज्या त्या वेळी नैराश्यानेही ग्रस्त होत्या, त्यांच्या पीयूषिका ग्रंथीने सोडलेला निरोप इतर स्त्रियांच्या तुलनेत सहा पटींहून अधिक होता. ज्या अत्याचारपीडित स्त्रियांना नैराश्य नव्हते, त्यांच्यातही तो वाढलेलाच होता. प्रसंग आजचा, किरकोळ; शरीराचे उत्तर मात्र वीस-तीस वर्षांपूर्वीच्या भयाचे!

गर्भवतींविषयीचा पुरावाही आता उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ३०० गर्भवतींची तपासणी टप्प्याटप्प्याने केली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बालपणी मारहाण, अत्याचार, मानहानी किंवा हेळसांड सोसलेल्या स्त्रियांच्या रक्तात वारेतील सी. आर. एच. गर्भारपणाच्या अखेरीस इतरांपेक्षा जवळजवळ २५ टक्क्यांनी अधिक आढळले. त्यांची सध्याची आर्थिक स्थिती आणि सध्याचे नैराश्य हिशेबात घेऊनही हा फरक उरलाच. म्हणजे 'सध्या ती उदास आहे म्हणून असे झाले' एवढ्यावर बोळवण करता येत नाही. तिच्या बालपणीच्या घराचा हिशेब तिच्या बाळाच्या वारेत मांडला जात होता.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा हिशेब नेहमी एकाच दिशेने चालत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जोडमनोरे कोसळताना ज्या गर्भवती तेथे किंवा जवळपास होत्या, त्यांच्यापैकी ३८ जणींचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या मनावर त्या आघाताचा आजार जडला, त्यांच्या आणि त्यांच्या तान्ह्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल उलट कमी आढळले. यंत्रणा कोठे अति चढते, कोठे थकून मंदावते. तेव्हा कोणी बाजारात 'ताणाची चाचणी' किंवा 'कॉर्टिसॉल उतरविण्याची गोळी' विकू लागला, तर वाचकांनी त्याच्या नादी लागू नये. ज्याने खरोखर काही साधते, ते दुकानात मिळत नाही.

एवढे सांगितले की ठरावीक आक्षेप येतात. त्यांचा एकेक करून परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा: 'आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?' बिघडले किंवा नाही हे तपासले कोणी? कॅलिफोर्नियातीलच सॅन दिएगो येथे नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि १९९८ साली त्याचा अहवाल निघाला. निम्म्याहून अधिक लोकांनी निदान एका प्रकारचा आघात सोसला होता. ज्यांनी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसले, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या कितीतरी पट अधिक होता. ज्या गृहस्थांना आपले काहीच बिघडले नाही असे वाटते, त्यांनी आपल्या रात्रीच्या पेल्याकडे आणि हात उगारला की दचकणाऱ्या आपल्या पत्नीकडे एकदा पाहावे. काहींचे खरोखरच काही बिघडत नाही, हे आम्हाला मान्य आहे; पण पुरात दहा माणसे पोहून आली म्हणून कोणी पुराची शिफारस करीत नाही. काहीजण येथे बायबलमधील छडीचा दाखला देतात. मेंढपाळाची काठी ही कळपाला वाट दाखविण्यासाठी आणि लांडग्याला हाकलण्यासाठी असते; मेंढराची हाडे मोडणारा मेंढपाळ आमच्या पाहण्यात नाही. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. शाळेत जे निषिद्ध, ते घराच्या उंबरठ्याआत पवित्र कसे होते?

दुसरा आक्षेप: 'ही सारी पाश्चात्त्यांची दुखणी, आपली कुटुंबे घट्ट आहेत.' कुटुंबे घट्ट आहेत खरी. इतकी घट्ट, की आतला आवाज बाहेर येत नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींना विचारून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता आणि गोवाही. तिघांपैकी दोन बालकांनी शारीरिक मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक बालकांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवला होता. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक बालकाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. त्या वेळच्या मुली आज माता होण्याच्या वयात आहेत. मंगळसूत्र किंवा अंगठी घालून आपल्याच चर्चच्या बाकांवर त्या बसल्या आहेत, आणि आपण त्यांना सांगतो आहोत की आनंदी राहा.

तिसरा आक्षेप भक्तिमान मंडळींचा आहे आणि तो आमच्या क्षेत्रातला असल्यामुळे त्यास उत्तर देणे आमचे कर्तव्य ठरते. ते म्हणतात, 'तिने क्षमा करावी आणि विसरावे.' क्षमा हे ख्रिस्ती जीवनाचे हृदय आहे, याविषयी वाद नाही. परंतु क्षमा ही जिच्यावर अन्याय झाला तिने द्यावयाची देणगी आहे. शेजाऱ्यांनी वसूल करावयाची थकबाकी नव्हे. क्षमा केली म्हणून ज्याने अत्याचार केला त्याच्या ताटात तिने भात वाढावा, असे कोणतेही धर्मशास्त्र सांगत नाही. क्षमा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मौनाला क्षमेचे नाव दिले की काय होते, हे जगभरच्या चर्चच्या अलीकडील इतिहासाने दाखविले आहे. २० ऑगस्ट २०१८ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांना देवाच्या प्रजेला उद्देशून त्याविषयी पत्र लिहावे लागले. संस्थेच्या अब्रूसाठी पाळलेले मौन जर पाप ठरते, तर घराण्याच्या अब्रूसाठी पाळलेले मौन पुण्य कसे ठरेल?

चौथा धोका आक्षेपाच्या रूपाने येत नाही; तो कुजबुजीच्या रूपाने येतो, आणि आम्हाला त्याचीच अधिक धास्ती वाटते. 'जिचे बालपण असे गेले, ती सून म्हणून नको. तिची मुले कशी निपजतील कोण जाणे!' विज्ञानाचा असा विपर्यास करणाऱ्यांनी पुढील दोन गोष्टी ऐकाव्यात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात उंदरांच्या पिलांवर झालेले प्रयोग २००४ साली गाजले. ज्या पिलांना आईने भरपूर चाटले-गोंजारले, ती मोठेपणी ताणाला शांतपणे तोंड देत. ज्यांची आई तुटक वागे, ती भेदरट निघत. पण तुटक आईची पिले जन्मतःच मायाळू आईच्या कुशीत ठेवली, तर तीही शांत निघाली. रक्तापेक्षा कूस बलवान ठरली. दुसरी गोष्ट उंदरांची नसून माणसांची आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात गर्भवतींच्या सकाळच्या कॉर्टिसॉलचा अभ्यास झाला. २०१४ साली त्याचा अहवाल आला. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या शरीरातील हे संप्रेरक गर्भारपणात कसे वागते, हे त्यांच्या सध्याच्या कुटुंबात सलोखा आहे की कलह, यावर अवलंबून असल्याचे दिसले. जेथे घर बिघडलेले, तेथे जुनी जखम उफाळून येत होती.

वाचकहो, आमच्या मते या साऱ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. झालेले बालपण कोणालाही परत घेता येत नाही. पण आजचे घर आपल्या हातात आहे. 'अशी सून नको' म्हणणाऱ्या सासूबाईंना आम्ही सांगू इच्छितो, की प्रश्न ती कशी निपजली हा नाही. तुमचे घर कसे आहे हा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर शंभरांपैकी सुमारे तीन स्त्रियांनी गर्भारपणातही मारहाण सोसल्याचे सांगितले. आणि ज्यांनी तोंड उघडले त्यांचीच ही मोजदाद आहे. त्या घरांतील पुरुषांना कॉर्टिसॉलवरील व्याख्यान कोणी दिले? व्याख्याने सारी त्या स्त्रीलाच!

आता आपल्या एका लाडक्या रूढीविषयी. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने सातव्या महिन्यात माहेरी जावे, ही रूढी मायेची आहे. बहुतेक मुलींना त्या घरी खरोखरच विसावा मिळतो. परंतु ज्या मुलीला दुखावणारा मनुष्य त्याच घरात किंवा त्याच आळीत राहतो, तिचे काय? ज्या महिन्यांत वारेतील संप्रेरके सर्वाधिक चढलेली असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिला वाजतगाजत त्याच्या समोर नेऊन बसवितो. आणि ती जाण्यास कां-कूं करू लागली, तर 'माहेराला विसरली' म्हणून टोमणे मारतो. ती कारण सांगणार नाही. बहुधा कधीच सांगणार नाही. तिने सांगावे असा आग्रहही कोणी धरू नये. आपली जखम कोणाला दाखवावयाची हा तिचा अधिकार आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की बाळंतपण कोठे व्हावे हे तिला विचारा, तिने दिलेले उत्तर कारण न विचारता स्वीकारा, आणि तिच्या नवऱ्याने ते उत्तर दोन्ही घरांत ठामपणे सांगावे.

टीका करणे सोपे. काय करावे हेही सांगितले पाहिजे. विवाहपूर्व शिबिरांत आपण वधूवरांना प्रार्थना, अर्थव्यवहार आणि कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धती शिकवितो. त्यात एक तास असा ठेवावा, की ज्यात गर्भवतीच्या घरातील माणसांची कर्तव्ये सांगितली जातील. आणि त्या तासाला वराची उपस्थिती सक्तीची असावी. आवाज चढवू नये, दारू पिऊन घरी येऊ नये, तिच्या झोपेचे रक्षण करावे, ती बोलली तर ऐकावे, न बोलली तर खोदू नये: हे संप्रेरकशास्त्राचे पहिले चार धडे आहेत. जिचे मन फारच खचले असेल, तिला 'धीर धर' म्हणून घरी न पाठविता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो.

सोबतीचे महत्त्वही आता सिद्ध झाले आहे. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गरीब, तरुण, पहिलटकरीण स्त्रियांच्या घरी परिचारिका नियमित जाऊ लागल्या. गर्भारपणी आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा त्या घरांत बालकांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी लक्षणीयरीत्या कमी होत्या. एका पिढीचा आघात पुढच्या पिढीत उतरण्याआधीच अडविला गेला. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. त्यांच्यावर कामाचा भार फार आहे. आपल्या महिला मंडळांतील जाणत्या स्त्रियांनी आपापल्या विभागातील गर्भवतींच्या घरी नियमाने जाऊन उपदेश न करता हातभार लावला, तर काय बिघडेल? पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी गेली, ती तीन महिने राहिली. त्या भेटीवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. आता तिचे अनुकरण व्हावे.

आणि शेवटी मूळ मुद्दा. आपण गर्भातील जिवाचे रक्षण करणारा समाज आहोत असे अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानात आम्हीही सहभागी आहोत. पण गर्भाचे रक्षण गर्भधारणेच्या दिवशी सुरू होत नाही. ते आज पहिल्या परमप्रसादाच्या वर्गात बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीपासून सुरू होते. तिच्या अंगावर वळ दिसला, ती एखाद्या नातेवाइकाजवळ जाण्यास घाबरू लागली, एकाएकी गप्प झाली, तर ते पाहून न पाहिल्यासारखे करणारा प्रत्येकजण तिच्या भावी बाळाचाही अपराधी आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो देवळाच्या सूचनाफलकावर, मिस्साच्या वेळांच्या शेजारी ठळक अक्षरांत लागला पाहिजे. त्याने धर्मग्रामाची बदनामी होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी बदनामी कशाने होते याचा फेरविचार करावा.

गर्भवतीला 'आनंदी राहा' असे सांगण्यास आमचा विरोध नाही. ते सांगण्याचा अधिकार मात्र ज्याने तिचे घर सुखाचे केले आणि ज्याने लहानग्या मुलीवर उगारलेला हात अडविला, त्यालाच आहे. इतरांनी उपदेश थोडे दिवस बंद ठेवावा आणि कामाला लागावे.